जीवरसायनशास्त्र व जीवभौतिकशास्त्र : पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज नेमके कुठे अडतात

जॅम, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांमधील विज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची संयुक्त परीक्षा, उत्तीर्ण होणे म्हणजे प्रवेशासाठी अर्ज करणे नव्हे, ही गोष्ट नाशिकमधील काही विद्यार्थ्यांना मुदत उलटल्यावर कळते आणि हातात चांगले गुणपत्रक असूनही त्यांचे वर्ष वाया जाते. जॅमची नोंदणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. त्यानंतर आयआयटींमधील जागांसाठी पसंतिक्रमासह दुसरा अर्ज, वेगळे शुल्क भरून, करावा लागतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९२१ पासून जीवरसायनशास्त्र विभाग आहे आणि जी. एन. रामचंद्रन यांनी उभारलेला रेणवीय जीवभौतिकी विभागही तिथेच आहे. या संस्थेच्या एकात्मिक पीएच.डी.साठी (पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. एकत्र) आणखी एक स्वतंत्र अर्ज असतो. जॅमच्या निकालाची वाट पाहत थांबल्यास त्याची मुदत निघून जाऊ शकते, म्हणून तो आधीच भरून ठेवावा. सीयूईटी-पीजी या विद्यापीठांच्या सामायिक पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचेही असेच आहे : परीक्षा घेणारी यंत्रणा फक्त गुण देते, प्रवेशासाठी प्रत्येक विद्यापीठाकडे निराळी नोंदणी करावी लागते.

पात्रतेचे निकष संस्थेगणिक बदलतात, त्यामुळे त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचण्याला पर्याय नाही. मात्र बारावीला गणित सोडलेल्यांनी एक लक्षात ठेवावे की जॅमच्या जैवतंत्रज्ञान प्रश्नपत्रिकेत जीवशास्त्राला ४४ टक्केच वाटा आहे. उरलेला रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्राचा.

सर्वाधिक अर्ज आरक्षणाच्या दाखल्यावर अडतात. राज्यात चालणारे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्था स्वीकारत नाहीत. त्यांना केंद्राच्या नमुन्यातील ओबीसी दाखला लागतो आणि आपली जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्ग तर तिथे नाहीच. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्र शासनाचा नमुना’ असे स्पष्ट सांगावे, कारण न सांगितल्यास राज्याचाच दाखला हाती पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या सुरू होतात. दाखला चालू आर्थिक वर्षातला मागितला जातो. ऑक्टोबरमध्ये काढलेला दाखला १ एप्रिलनंतर जुना ठरू शकतो, त्यामुळे एप्रिलमध्येच नव्याने अर्ज करणे शहाणपणाचे. निफाड-दिंडोरीच्या शेतकरी कुटुंबांनी विशेष जपावे. ओबीसींसाठीच्या आठ लाखांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेत पगार व शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, पण बागायती जमिनीचा निकष वेगळा तपासला जातो. ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मात्र शेतीसह सर्व उत्पन्न धरतात आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेती असल्यास दाखला मिळत नाही. इतके साधे नियम सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावायला कोणत्याही कार्यालयाला खर्च येत नाही, तरी ते विद्यार्थ्याला तिसऱ्या खिडकीवर कळतात, हे खरोखर संतापजनक आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबाहेर जाणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील जीवभौतिकशास्त्र विभागात जायचे असले तरीही. सहाव्या सत्राचा निकाल लागताच त्यासाठी अर्ज करावा. निकाल रखडलाच, तर अंतिम वर्षात शिकत असल्याचे प्राचार्यांचे पत्र घेऊन तात्पुरत्या प्रवेशाची मुदत लेखी विचारून घ्यावी. छायाचित्र, स्वाक्षरी व शुल्क यांची प्रक्रिया सरळ आहे.

नावाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी व शेवटी आईचे नाव असते, आधारवर क्रम वेगळा असतो. अर्जात नाव कोणत्या कागदाप्रमाणे हवे हे पुस्तिकेत पाहून तसेच लिहावे, आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असल्यास कागदपत्रे तपासणीपूर्वी प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.