पेगॅसस प्रकल्प
पेगॅसस प्रकल्प : इस्रायलच्या एनएसओ ग्रुप या कंपनीचे ‘पेगॅसस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर पत्रकार, वकील, कार्यकर्ते व राजकारणी यांच्याविरुद्ध वापरले जात असल्याचे मांडणारी, १८ जुलै २०२१ पासून अनेक देशांत एकाच वेळी प्रसिद्ध झालेली शोधवृत्तमालिका. पॅरिसच्या फॉरबिडन स्टोरीज या संस्थेकडे समन्वय होता, तर तांत्रिक तपासणी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबने केली. १७ माध्यमसंस्थांचे ८० हून अधिक पत्रकार तीत सहभागी होते. भारतातून ‘द वायर’ हे वृत्तसंकेतस्थळ सहभागी होते.

पेगॅससचा जाहीर छडा प्रथम ऑगस्ट २०१६ मध्ये लागला, असे सामान्यतः मानतात. संयुक्त अरब अमिरातीतील मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांनी एसएमएसने आलेली लिंक न उघडता टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठवली आणि त्यातून आयफोनमधील, तोवर कोणालाच ठाऊक नसलेल्या तीन त्रुटी उजेडात आल्या. पुढे लिंक दाबण्याचीही गरज उरली नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपवर आलेला कॉल उचलला नाही तरी फोन ताब्यात जाऊ शके. तेव्हा लक्ष्य झालेल्या सुमारे १,४०० जणांत भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपींचे काही वकील व कार्यकर्तेही होते. (त्याच प्रकरणात संगणकांमध्ये आढळलेले ‘नेटवायर’ हे निराळे सॉफ्टवेअर, दोहोंची गल्लत वारंवार होते.)

मालिकेचा आधार असलेली ५०,००० हून अधिक दूरध्वनी क्रमांकांची यादी हाच मुख्य वादाचा विषय. ती कोठून मिळाली हे पत्रकारांनी उघड केलेले नाही. एनएसओच्या ग्राहकांनी पाळतीसाठी निवडलेले हे क्रमांक होत, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने ते फेटाळले आणि ही माहिती ‘एचएलआर’ चौकशीतून आलेली असू शकते, असे सुचवले. एचएलआर म्हणजे कोणता क्रमांक सध्या कोणत्या नेटवर्कवर आहे याची मोबाइल कंपनीकडील नोंदवही. तीतील चौकशी करून देणाऱ्या व्यावसायिक सेवा आहेत आणि त्यांचा पाळतीशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. मात्र हल्ल्यापूर्वी फोन चालू आहे का, कोणत्या देशात आहे, हे पाहण्यासही हीच चौकशी उपयोगी पडते. त्यामुळे ही दोन स्पष्टीकरणे वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत.

निर्णायक ठरते ती यादीपेक्षा फोनची न्यायवैद्यक तपासणी. तपासलेल्या ६७ फोनपैकी ३७ मध्ये खुणा आढळल्या : २३ मध्ये शिरकाव, १४ मध्ये प्रयत्न. कोणत्या प्रक्रियेने किती डेटा वापरला याची नोंद आयफोन ठेवतो. तीत ‘बीएच’ या दोन अक्षरी नावाची, ॲपलची नसलेली प्रक्रिया सापडली. यादीत क्रमांकासमोर नोंदलेली वेळ आणि फोनमधील हालचालीची सुरुवात यांत कित्येकदा काही सेकंदांचेच अंतर होते. निव्वळ योगायोगाने याचा उलगडा होणे कठीण. तपासणीची पद्धत सिटिझन लॅबने स्वतंत्रपणे पडताळून ग्राह्य ठरवली. तथापि ५०,००० पैकी किती फोनवर खरोखर पाळत होती, हे यावरून काढता येत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये अशा नोंदी फारशा टिकत नसल्याने तेथे खुणा न सापडणे म्हणजे फोन सुरक्षित असणे नव्हे.

यादीत सुमारे ३०० पडताळलेले भारतीय क्रमांक होते. १९ जुलै रोजी माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत हे वृत्त सनसनाटी ठरवले. त्याच दिवशी त्यांचा स्वतःचा क्रमांकही यादीत असल्याचे प्रसिद्ध झाले. एनएसओ केवळ सरकारांना माल विकते, असे ती स्वतःच सांगते. म्हणून सरकारने पेगॅसस घेतले की नाही, या प्रश्नाला महत्त्व आले. सरकारने होय वा नाही असे थेट उत्तर दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांत मुंबई आयआयटीचे अश्विन गुमास्ते होते. समितीने तपासलेल्या २९ पैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच असल्याचे निश्चित झाले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने नमूद केल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी न्यायालयात सांगितले.

अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये एनएसओला व्यापारी काळ्या यादीत टाकले. व्हॉट्सॲपच्या दाव्यात मे २०२५ मध्ये ज्यूरीने कंपनीला सुमारे १६.७ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी तो सुमारे ४० लाखांवर आणला, मात्र व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांना लक्ष्य करण्यास कायमची मनाई केली.