फोर बाय फोर आहे, मग पुराची काय भीती?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाशकात हे वाक्य हमखास ऐकू येतं: "आपली गाडी फोर बाय फोर आहे, इंजिनाला वरून हवा देणारा स्नॉर्कलपण बसवलाय. निघू आरामात."

तर, नाही. फोर बाय फोर चारही चाकांना ताकद देतं, पण चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच. हिशेब साधा आहे. साडेचार मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी रुंद गाडीचा तळ साधारण ८ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढलं की ते गाडीला जवळपास ८०० किलोंनी वर उचलतं. दोन टनांची गाडी पाव मीटरला तरंगायला लागते, उरलेलं काम प्रवाह करतो. कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली संथ पाण्यासाठी असते, वाहत्या गोदेसाठी नाही.

स्नॉर्कल इंजिनाला हवा देतो, बस्स. गाडीचं वजन वाढवत नाही. आणि तो नसेल, गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

स्नॉर्कलचे पैसे चांगल्या टायरवर, टोचनाच्या पट्ट्यावर आणि काच फोडायच्या हातोडीवर घाला. हातोडी हाताशी ठेवा, डिकीत नको. मारायची बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात. पुढची काच लॅमिनेटेड असते, तडकते पण सुटत नाही.

बाकी, इंधनाची टाकी भरून, पाणी चढायच्या आधी निघालात तर साधी अल्टोही पुरते.