समुद्राच्या उष्णतेवरची वीज : घोडे पाइपपाशी अडते

समुद्राच्या उष्णतेपासून वीज मिळवायची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोन्व्हाल यांनी १८८१ साली मांडली. पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याने लवकर उकळणाऱ्या द्रवाची वाफ करायची, ती टर्बाइनमधून सोडायची आणि खोलवरच्या गार पाण्याने तिचा पुन्हा द्रव करायचा. आजची बंद चक्राची संयंत्रे हेच करतात; द्रव बहुधा अमोनिया असतो. तत्त्वाबद्दल वाद नव्हताच. अडचण होती गार पाणी वर आणण्याची.

वरचे पाणी २६ अंश सेल्सिअस आणि हजार मीटर खालचे ५ अंश धरले, तर कार्नोच्या हिशेबाने (उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम निघू शकते याचा सैद्धांतिक नियम) कार्यक्षमता फार तर ७ टक्के. प्रत्यक्षात हाती २-३ टक्केच लागतात. म्हणून पाणी अफाट लागते : निव्वळ १ मेगावॉटला सेकंदाला साधारण ४ घनमीटर कोमट आणि २ घनमीटर गार. हजार मीटरवरून पाणी उपसायचे म्हणजे सगळी वीज त्यातच जाणार, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पाइप समुद्रातच बुडालेला असल्याने पाणी आपसूक जवळजवळ समुद्रपातळीपर्यंत चढते. पंपाला फक्त घर्षण आणि गार पाण्याच्या जास्त घनतेचा थोडा भार सोसावा लागतो.

द'आर्सोन्व्हाल यांचे शिष्य जॉर्ज क्लोद (निऑन दिव्यांचे जनक) यांनी १९३० मध्ये क्यूबातील मातान्सास येथे २२ किलोवॉट वीज काढली. त्यांचे चक्र उघडे होते : निर्वात टाकीत समुद्राचेच पाणी उकळायचे. २५ अंशांना बाष्पदाब वातावरणाच्या जेमतेम तीन टक्के; एक किलो वाफ चाळीस घनमीटरहून जास्त जागा व्यापते, म्हणून टर्बाइन अवाढव्य. शिवाय पाण्यात विरघळलेली हवा सुटते आणि ती ओढायला निर्वात पंप सतत चालवावा लागतो. संयंत्राने दिले त्याहून जास्त खाल्ले. खरी झुंज पाइपशीच होती : सुमारे दोन किलोमीटर लांब, १.६ मीटर व्यासाचा. आधीचे पाइप उतरवतानाच गेले, जो बसला तोही लाटांनी मोडला. पुढे ब्राझीलजवळ जहाजावर केलेला प्रयत्नही पाइपनेच बुडवला.

मग १९७० च्या दशकातल्या तेलसंकटापर्यंत विषय थंडावला. १९७९ मध्ये हवाईजवळ एका बार्जवर (सपाट तळाच्या तराफ्यासारख्या नौकेवर) अमोनिया चक्राने ५२ किलोवॉट निर्माण केले. पंपांचा वापर वजा जाता १५ उरले. आकडा किरकोळ, पण बंद चक्राने समुद्रात पहिल्यांदाच शिल्लक दाखवली. १९८१ मध्ये प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटावर १२० किलोवॉटपैकी सुमारे ३१ हाती आले. हवाईतच १९९३ पासून चाललेल्या उघड्या चक्राच्या संयंत्राने निव्वळ १०३ किलोवॉटपर्यंत मजल मारली.

तोवर पाइप पॉलिथिलीनचे झाले. हे पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने ओढून नेता येतात, पण खाली बसवायला वजने बांधावी लागतात. आडवा पाइप उभा करतानाचा क्षण सर्वांत घातक : वाकताना ताण एकाच ठिकाणी साचतो, वर लाटा हलवत असतात. पंप वर ठेवून जोरात ओढले, तर आतला दाब उतरून पाइप चेपू शकतो. भिंत जाड घ्या नाहीतर पंप खोलात उतरवा. कोमट बाजूच्या हीट एक्स्चेंजरवर (पाण्याची उष्णता अमोनियाला देणाऱ्या भागावर) जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, त्यावर क्लोरीनची हलकी मात्रा पुरते. गार बाजूला हा त्रास जवळजवळ नसतो.

भारतात तुतिकोरिनजवळच्या १ मेगावॉट बार्जचे गाडेही पाइप उतरवण्यातच रुतले. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीत २००५ साली वेगळी वाट निघाली : टर्बाइन नाही, फक्त निर्वातात उकळलेल्या समुद्रपाण्याची वाफ थंड करून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी. त्याला हजार मीटरची गरज नव्हती. पाइप साधारण ३५० मीटरवर थांबला.