ताप आणि उष्माघात: आकडा एकच, शरीराची धडपड वेगळी

मे महिन्यात सोलापुरात दुपारचा पारा ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना वॉर्डातला एखादा रुग्ण ‘थंडी वाजतेय, पंखा बंद करा’ असे म्हणत सोलापुरी चादर कानापर्यंत ओढून घेतो, तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थिनी गोंधळून जाते. थर्मामीटर ३९.५ दाखवतो आहे आणि अंगाला हात लावला तर चटका बसतो आहे, मग याला थंडी कसली? शेजारच्या खाटेवर भर दुपारी बांधकामावरून आणलेला मजूर आहे. त्याचे अंगही तसेच तापलेले आहे, पण तो चादर मागत नाही. तो असंबद्ध बोलतो आणि आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नाही. दोघांचेही तापमान वाढलेले आहे, परंतु पहिल्याचे शरीर ते स्वतःहून वाढवत आहे आणि दुसऱ्याचे शरीर ते उतरवू पाहत असूनही हरले आहे.

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान साधारणपणे ३७ अंशांच्या जवळ राखतो. या ठरलेल्या पातळीला सेट पॉइंट म्हणतात. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशींमधून इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखे पदार्थ बाहेर पडतात, त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसच्या परिसरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि सेट पॉइंटच वर सरकतो. समजा, तो ३९.५ वर गेला आणि रक्त अजून ३७ वरच आहे, तर मेंदूच्या हिशेबाने शरीर अडीच अंशांनी थंड पडलेले असते. त्यामुळे त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार लागतात, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात आणि रुग्ण पांघरूण मागतो. आपल्याकडे ‘थंडी वाजून ताप आला’ असे म्हणतात, त्यात हा घटनाक्रम अचूक आलेला आहे. पुढे सेट पॉइंट खाली आला की रक्तवाहिन्या पसरतात, दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. घाम आला म्हणून ताप उतरला, असे घरोघरी समजले जाते. खरे तर ताप उतरवण्याचा हुकूम मेंदूने आधीच दिलेला असतो आणि घाम ही त्याची अंमलबजावणी असते.

उष्माघातात सेट पॉइंट जागचा हलत नाही. एरवी शरीर प्रारण, वहन, अभिसरण आणि बाष्पीभवन या चार वाटांनी उष्णता बाहेर टाकते. मात्र हवा त्वचेपेक्षा जास्त तापली की पहिल्या तीन वाटा उलट्या वाहू लागतात, म्हणजे भोवतालची उष्णता शरीरात शिरते, आणि भिस्त उरते ती केवळ घामाच्या बाष्पीभवनावर. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो ही जमेची बाजू असली, तरी कपडे ओले दिसत नसल्याने किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. शरीरातील पाणी घटले, त्वचेकडे जाणारा रक्तपुरवठा अपुरा पडू लागला की तापमान बेलगाम चढते. ते ४० अंशांपुढे गेले आणि त्याबरोबर भ्रम, झटके किंवा बेशुद्धी दिसली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे, म्हणून उष्माघात नाही, असे मात्र मानू नये. अंगमेहनत करताना ऊन लागलेल्या रुग्णाचे अंग घामाने चिंब असू शकते. (‘उन्हाळी लागली’ असे सांगणाऱ्याची तक्रार लघवीच्या जळजळीची असते. इतिहास घेताना हा फरक ध्यानात ठेवावा.)

पॅरासिटामॉल मेंदूतील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून सेट पॉइंट खाली आणते, म्हणून ते तापात लागू पडते. उष्माघातात खाली आणण्यासारखा सेट पॉइंटच नसल्याने त्याचा उपयोग होत नाही. उलट उष्णतेने आधीच दुखावलेल्या यकृतावर त्याचा भार पडतो. गार पाण्याचे गणित याच्या नेमके उलटे आहे. तापाच्या रुग्णाला बर्फाच्या पाण्याने पुसले तर मेंदू आणखी हुडहुडी भरवतो, रुग्णाचे हाल होतात आणि हाती फारसे काही लागत नाही. उष्माघातात मात्र थंड करणे हाच उपचार असतो आणि त्यात मिनिटे मोजावी लागतात: कपडे उतरवावेत, अंग सतत ओले ठेवून पंख्याचा झोत सोडावा आणि मान, काखा व जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाला तोंडाने पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. खिशातल्या कांद्याबद्दल नातेवाइकांशी वाद घालण्यात वेळ दवडण्याचेही कारण नाही.

उन्हाळा आहे म्हणून प्रत्येक तापलेला आणि बरळणारा रुग्ण उष्माघाताचाच असेल, असे नाही. मेंदूज्वरात आणि मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापातही हेच चित्र दिसते. त्यामुळे दुखणे कधी व कसे सुरू झाले, रुग्ण उन्हात किती वेळ होता, मान ताठ आहे का, हे विचारावे आणि पाहावेच. परंतु तापमान ४० च्या वर असून शुद्ध बिघडलेली असेल, तर निदानाची वाट न पाहता अंग गार करायला घ्यावे. अशा रुग्णाच्या काखेतील आकड्यावर विसंबू नये. ओल्या अंगाच्या काखेत थर्मामीटर कमी दाखवतो, म्हणून गुदमार्गातील तापमान घ्यावे, ते कोठून घेतले हे तक्त्यावर लिहावे आणि ३९ च्या जवळ आल्यावर बर्फ काढून घ्यावा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरते.