गेनचा नॉब म्हणजे दुसरा व्हॉल्युम नव्हे

गाडीत स्वतः ॲम्प्लिफायर बसवणारी मंडळी वायरिंग बहुधा मन लावून करतात. बॅटरीजवळ फ्यूज, अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा केलेला पत्रा, स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची वायर दुसऱ्या बाजूने. मग अगदी शेवटी, दमल्यावर, ॲम्पवर ‘गेन’ लिहिलेल्या नॉबची पाळी येते. आवडतं गाणं लावायचं आणि ‘मस्त वाटेपर्यंत’ नॉब फिरवायचा. काही दिवसांनी ट्वीटर (वरच्या, बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जळतो आणि खापर फुटतं स्पीकर बनवणाऱ्यावर.

व्हॉल्युमबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाणं चालू असताना हवा तसा कमी-जास्त करायचा, झालं. गेन मात्र सिस्टीम बसवताना एकदाच लावायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. त्याचं काम एकच : समोरच्या स्टिरिओकडून जास्तीत जास्त किती व्होल्टचा सिग्नल येणार आहे, त्याच्याशी ॲम्प जुळवून घेणं. कुणाच्या स्टिरिओचा प्रीआउट (ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) 2 व्होल्टचा असतो, कुणाचा 4, कुणाचा 5. ॲम्पला या सगळ्यांशी जमवून घ्यायचं असतं, म्हणून हा नॉब. त्याच्याभोवतीचे आकडे कधी नीट पाहिलेत? बऱ्याच ॲम्पवर डावीकडे 6 व्होल्ट आणि उजवीकडे 0.2 व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. आवाजाचा नॉब असता तर उजवीकडे फिरवताना आकडा उतरला कशाला असता?

तरीही लोक ऐकत नाहीत, कारण त्यांच्याकडे कानाचा पुरावा असतो. ‘गेन वाढवला की आवाज वाढतो, मी स्वतः ऐकलंय.’ वाढतोच. खरी गल्लत इथेच आहे, म्हणून जरा आकडेमोड करू.

समजा ॲम्प 4 ओहमवर 100 वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत 100 वॅट देऊ शकणारा, आहे. 100 वॅटसाठी त्याला स्पीकरच्या तारांवर 20 व्होल्ट द्यावे लागतात आणि त्याची धाव साधारण तिथेच संपते. ही मर्यादा ॲम्पच्या आतल्या पॉवर सप्लायने ठरवलेली असते, नॉबने नाही. स्टिरिओ पूर्ण आवाजाला 4 व्होल्ट देतो. गेन 4 व्होल्टच्या खुणेवर ठेवला तर ॲम्प आलेला सिग्नल पाचपट करतो. स्टिरिओचे 4 व्होल्ट आले की बाहेर बरोबर 20 व्होल्ट. आता गेन 1 व्होल्टवर नेला. सिग्नल वीसपट व्हायला लागला. व्हॉल्युम कमी असताना, म्हणजे स्टिरिओतून अर्धा व्होल्ट येत असताना, आधी बाहेर अडीच व्होल्ट मिळत होते, आता 10 मिळतात. कानाला वाटतं, ॲम्प जागा झाला! पण व्हॉल्युम वाढवत स्टिरिओ 1 व्होल्टवर आला की 20 व्होल्ट गाठले गेले, ॲम्प संपला. त्यापुढे स्टिरिओ 4 व्होल्टपर्यंत गेला तर हिशेबाने बाहेर 80 व्होल्ट हवेत, म्हणजे 1600 वॅट. ते आणायचे कुठून? ॲम्प 20 च्या आसपासच अडतो आणि त्यावरचा सिग्नलच्या लाटेचा माथा सपाट कापतो.

थोडक्यात, गेन वाढवून स्वच्छ आवाजाचा वॅट एकही वाढला नाही. आधी व्हॉल्युमच्या शेवटच्या टोकाला मिळणारी ताकद पहिल्या काही पायऱ्यांतच मिळाली आणि उरलेला सगळा व्हॉल्युम फक्त चिरफाड करायला उरला.

या माथा कापण्याला क्लिपिंग म्हणतात, आणि ते नुसतं कानाला खराब लागतं एवढंच नाही. लाट पूर्ण चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या सुबक गोल लाटेच्या दुप्पट ताकद तिच्यात असते. म्हणजे 100 वॅटच्या ॲम्पमधून अगदी टोकाला 200 वॅटच्या घरात काहीतरी स्पीकरवर जाऊ शकतं, आणि स्पीकरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, तापत राहते. शिवाय कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, आणि स्पीकरांना सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर त्या इमानदारीने ट्वीटरकडे धाडतो. म्हणून पहिला बळी बहुतेकदा ट्वीटरचा. ‘ॲम्प लहान होता म्हणून स्पीकर उडाला’ हे वाक्य मला ऐकवत नाही. कमी ताकदीने स्पीकर मरत नाही. लहान ॲम्पला पिळून काढल्याने मरतो.

उलट बाजूचा गैरसमजही आहे : गेन कमी ठेवला की स्पीकर सुरक्षित. तसंही नाही. सिग्नल पुरेसा मोठा आला तर कमी गेनवरही ॲम्प पूर्ण ताकद देईल. गेन म्हणजे वॅटना घातलेलं कुंपण नव्हे.

मग लावायचा कसा? कानाने नाही, मल्टिमीटरने. ॲम्पचे आरएमएस वॅट गुणिले स्पीकरचे ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे ॲम्पच्या स्पीकरच्या टोकांवर दिसायला हवेत ते व्होल्ट. 75 वॅट आणि 4 ओहमला 17.3 व्होल्ट, 300 वॅट आणि 2 ओहमच्या सबवूफरला 24.5. स्पीकरचे वॅट ॲम्पपेक्षा कमी असतील तर हिशेबात स्पीकरचे धरा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘पीक’ (क्षणभराचे) वॅट मात्र हिशेबात घेऊ नका, ते फक्त खोकं विकण्यासाठी असतात. स्पीकरच्या तारा ॲम्पपासून सोडवा, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट करा, लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद करा, ॲम्पवरचे फिल्टरही तेवढ्यापुरते बंद ठेवा, गेन पूर्ण डावीकडे न्या. 0 डेसिबलची (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेली) एकसुरी टेस्ट टोन लावा. मी 50 हर्ट्झची वापरतो, कारण स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं वाचतात. व्हॉल्युम साधारण तीन चतुर्थांश ठेवा, मीटर एसी व्होल्टवर लावा, आणि हिशेबाचा आकडा दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा. मग तिथेच थांबा. मीटरला लाट कापली गेलेली दिसत नाही, ते लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचं काम. मिळाला तर उत्तमच.

बेस बूस्टवर माझा खास राग आहे. बहुतेक ॲम्पवर तो 45 हर्ट्झच्या आसपास 12 डेसिबलपर्यंत वाढ देतो. दर 3 डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे 12 डेसिबलला सोळापट. गेन काटेकोर लावून वर हा नॉब फिरवणं म्हणजे सगळी मेहनत पुसून टाकणं. शून्यावर ठेवा आणि विसरा.

आणखी एक. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी कुईं अशी शिट्टी स्पीकरमधून येत असेल तर गेन जास्त असण्याची शक्यता मोठी आहे. आरसीए केबलमध्ये शिरलेला गोंगाटही तो वीसपट करतो. खरा दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो, पण जास्त व्होल्टचा प्रीआउट घेऊन गेन खाली ठेवता आला तर तोच गोंगाट कितीतरी दबतो. स्टिरिओ विकत घेताना मी स्क्रीनच्या आकाराआधी प्रीआउटचे व्होल्ट बघतो ते यासाठीच.

हे सगळं करूनही आवाज कमी वाटत असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारे, स्पीकर घ्या. 3 डेसिबल जास्त असलेला स्पीकर ॲम्प दुप्पट केल्याइतकं काम करतो, वायर न बदलता. नाहीतर मोठा ॲम्प. आणि ॲम्प किंवा स्टिरिओ यांपैकी काहीही बदललंत तर मीटर पुन्हा बाहेर काढा, कारण जुना गेन जुन्या जोडीसाठी लावलेला होता.