पार्श्वरंग-बाधा (जंबुपार, म्हणजे अतिनील, व दृश्य प्रकाशाच्या वर्णपटमापनातील)

मोजायच्या पदार्थाखेरीज द्रावणात असलेल्या इतर रंगद्रव्यांमुळे शोषणांकात (द्रावण किती प्रकाश शोषते हे सांगणाऱ्या आकड्यात) येणारी चूक. एकाच तरंगलांबीला अनेक घटकांचे शोषणांक बेरजेने येतात. उपकरणाला फक्त बेरीज दिसते.

शोषणांक थराची जाडी व संहती (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण) यांच्या पटीत वाढतो, हा या बेरजेमागचा नियम बेअर-लँबर्ट नावाने रूढ असला, तरी श्रेयाबाबत एकमत नाही. थराच्या जाडीनुसार प्रकाश भूमितीय श्रेढीने घटतो हे पिएर बूगे यांनी १७२९ मध्ये दाखवले आणि लँबर्ट यांनी १७६० मध्ये त्याची गणिती मांडणी केली. बेअर यांच्या १८५२ च्या निबंधाचा विषय रंगीत द्रवांतील तांबड्या प्रकाशाचे शोषण हा होता. संहतीचे आजचे समीकरण त्यात त्याच रूपात नाही. त्यामुळे बूगे यांचे नाव आधी घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून बाधेचा अंदाज बांधणे धोक्याचे. पिवळे द्रावण निळा प्रकाश शोषते, पण ६०० नॅमी. (नॅनोमीटर) च्या मापनात ते सहसा आड येत नाही. उलट, पाण्यातील नायट्रेट २२० नॅमी. ला मोजताना नितळ दिसणाऱ्या नमुन्यातले सेंद्रिय द्रव्यही आकडा फुगवते. त्यासाठी २७५ नॅमी. च्या शोषणांकाची दुप्पट वजा करतात. ही वजावट मूळ आकड्याच्या १० टक्क्यांहून अधिक भरली, तर पद्धतच सोडावी लागते.

विक्रियाकारक न घालता नमुन्याचाच ब्लँक (ज्याचा शोषणांक वजा करायचा तो संदर्भ-नमुना) लावणे हा नेहमीचा उपाय. विक्रियेत पार्श्वरंग टिकून राहतो, हे त्यात गृहीत असते. याफे यांच्या पद्धतीत (१८८६) क्रिॲटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य) अल्कधर्मी पिक्रेटसह नारिंगी रंग देते. मात्र काविळीच्या रक्तद्रवातील बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचे त्याच अल्कधर्मी माध्यमात ऑक्सिडीकरण होऊन त्याचा पिवळा रंग ओसरत जातो. परिणामी क्रिॲटिनिन खऱ्याहून कमी भरते. म्हणून पुष्कळ यंत्रांत शोषणांकाच्या वाढीचा वेग मोजतात. बिलिरुबिन जास्त असल्यास तोही पुरेसा ठरत नाही.

माशांच्या यकृततेलातील अ जीवनसत्त्वासाठी मॉर्टन व स्टब्ज यांनी १९४६ मध्ये तीन तरंगलांबींवरून भूमितीय दुरुस्ती सुचवली. मूत्रातील स्टेरॉइडांसाठी ॲलन यांची त्रिबिंदू दुरुस्ती १९५० ची. दोन्हींत पार्श्वशोषण तेवढ्या पट्ट्यात सरळ रेषेत बदलते असे धरलेले असते. वक्र असल्यास उत्तर चुकते.

गडद द्रावणात कोणतीही वजाबाकी कामी येत नाही. भरकटलेला प्रकाश (निवडलेल्या तरंगलांबीबाहेरचा, तरीही उपकरणाच्या शोधकापर्यंत पोचणारा) ०.१ टक्का असला, तरी शोषणांक ३ च्या वर वाचताच येत नाही. तेव्हा नमुना पातळ करणे किंवा रंगद्रव्य निष्कर्षणाने वेगळे काढणे हेच मार्ग उरतात.