लायसन नको, पासिंग नको: स्वस्त ई-बाइकच्या जाहिरातीमागचा इतिहास

नाशिकच्या सिडकोतून सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीसाठी निघणाऱ्या माणसाच्या घरात दुचाकी म्हणजे महिन्याच्या हिशेबातला एक आकडा. स्वस्त ई-बाइकची जाहिरात याच आकड्याला हात घालते. ही रीत बॅटरीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

1972 साली कायनेटिकने 50 सीसीची लूना आणली. पायडल असलेली, हलकी आणि दुधाच्या किटल्या अडकवल्या तरी कुरकुर न करणारी. पुढे जाहिरातकार पीयूष पांडे यांच्या ‘चल मेरी लूना’ने ती घराघरांत पोहोचवली. 1985 मध्ये हिरो होंडाच्या सीडी 100 ची जाहिरात पेट्रोलच्या बचतीवर उभी राहिली. तेव्हापासून गाडी बघायला गेलेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती?’

2007 च्या सुमारास इलेक्ट्रिक स्कूटर बाजारात दिसू लागल्या. मोटर 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असेल, तर लायसन आणि नोंदणी लागत नाही. त्यामुळे विक्रीचा सगळा जोर ‘लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको’ यावरच होता. आमच्या घरीही अशी एक आली. मागे आई बसली की गोदाघाटावरून रविवार कारंजाचा चढ गाडीला जड जायचा; शेवटी आई उतरून चालायची. दीड वर्षात लेड-अ‍ॅसिड बॅटरी निकामी झाली. नवीन बॅटरीचा खर्च ऐकून आई काही बोललीच नाही. पत्रकात बॅटरीच्या आयुष्याबद्दल एक ओळही नव्हती, आणि याचा मला आजही राग येतो.

ई-वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना 2015 मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा 2019 मध्ये. खरी उसळी मात्र 2021 ची. मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं, जूनमध्ये केंद्राने अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासामागे 10 हजारांवरून 15 हजार रुपये केलं, आणि जुलैत ओलाने ई-स्कूटरचं 499 रुपयांत बुकिंग उघडलं. पहिल्या 24 तासांत लाखभर बुकिंग झाली.

एप्रिल 2022 मध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या 40 पैकी 20 ई-स्कूटर जळाल्या. त्या वर्षी देशात अशा आगी आणखीही लागल्या आणि डिसेंबरपासून बॅटरीचे नियम कडक झाले. अनुदान ठरावीक किमतीपर्यंतच्या गाड्यांनाच मिळायचं; त्या मर्यादेत बसावं म्हणून काही कंपन्या चार्जरचे पैसे वेगळे लावत होत्या. 2023 मध्ये ते ग्राहकांना परत करावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये अनुदान घटलं आणि गाड्या महागल्या.

फेब्रुवारी 2024 मध्ये लूना परत आली, इलेक्ट्रिक होऊन, तेव्हा 69,990 रुपयांपासून. 2 किलोवॉट-तासाच्या बॅटरीच्या पूर्ण चार्जवर 110 किलोमीटरचा दावा होता. या बॅटरीला घरच्या विजेचा खर्च साधारण वीस रुपये येतो. एवढ्यात पेट्रोलची गाडी दहा किलोमीटर जाते. हिशेब खरा आहे, म्हणूनच जाहिरात भिडते. दाव्यातले किलोमीटर मात्र चाचणीतले असतात. दोघं बसून, पिशव्या लटकवून चढ चढताना ते कमीच भरतात. सिडकोतल्या दुकानात आता गिऱ्हाईक किमतीआधी विचारतं, ‘बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची?’